लॅपटॉपला स्थळ हवंय!

चौदा इंची पडद्यात डोकं खुपसून काम करून करून मान धरली. लॅपटॉपला मोठा जोडीदार हवाच. पण कोण? हॉलमधला टीव्ही, की टेबलावरचा नवा मॉनिटर? नाशिकमधल्या एका घरात या प्रश्नानं चार महिने धुमाकूळ घातला, त्याची ही गोष्ट. आणि हो, तुमचे पैसे वाचवणाऱ्या चार टिप्सही!

संध्याकाळचे सात. सिडकोतलं आमचं वन बीएचके. हॉलमध्ये आईची मालिका ऐन रंगात आलेली. धाकट्या सुनेचं कारस्थान आज उघडं पडणार म्हणून आई सोमवारपासून वाट बघतेय. आणि नेमकी तेव्हाच मी लॅपटॉप, केबल, माउस असा सगळा लवाजमा घेऊन हॉलमध्ये एण्ट्री मारते. कारण तिकडे न्यूयॉर्कमध्ये सकाळ झालीय आणि माझ्या क्लायंटला रिपोर्ट हवाय.

"आई, प्लीज. अर्धाच तास."

आई काही बोलत नाही. रिमोट टीपॉयवर ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. बाबा चष्मा पुसत गॅलरीत. पडद्यावर सुनेच्या जागी माझं एक्सेलशीट येतं. अर्ध्या तासाचे दोन तास कधी होतात ते कळतही नाही.

मी कुणी टेक्नॉलॉजीतली एक्स्पर्ट नाही. पुण्यातल्या एका कंपनीत डेटाचं काम करते, महिन्यातून दोनदा एसटीनं पुण्याला जाते आणि बाकीचे दिवस नाशिकमधून काम. तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ऑफिस घरी आलं. पुढे लॉकडाऊन गेला, पण ऑफिस काही पूर्णपणे परत गेलं नाही. जागा वाचली, प्रवास वाचला. फक्त एक गोष्ट ऑफिसातच राहिली. तिथे टेबलावर असलेला मोठा पडदा.

मान धरली, मग डोकं चाललं

लॅपटॉपची एक मूळ गोची आहे. त्याचा कीबोर्ड आणि पडदा एकमेकांना बिजागरीनं जोडलेले. हात आरामात ठेवायचे तर पडदा खाली जातो आणि पडदा डोळ्यांसमोर आणायचा तर हात वर जातात. आठवड्यातून एकदा तासभर बसायचं असेल तर काही वाटत नाही. रोज नऊ तास बसलात की मान, खांदे, पाठ असं क्रमाक्रमानं एकेक खातं उघडतं. माझं मानेचं उघडलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी व्यायाम शिकवले आणि वर बजावलं, "पडदा डोळ्यांच्या रेषेत आणा, नाहीतर दर महिन्याला भेटू."

त्याच संध्याकाळी कॉलेज रोडवर चहाच्या टपरीवर मित्रमंडळींची परिषद भरली. एक म्हणाला मॉनिटर घे. दुसरा म्हणाला, "येडी का? घरात बत्तीस इंची टीव्ही आहे ना? तीनशेची केबल आण आणि जोड. मॉनिटर म्हणजे टीव्हीच, फक्त लहान आणि महाग."

हा युक्तिवाद मला सॉलिड पटला. तीनशे रुपयांत काम होत असेल तर दहा हजार कोण घालवेल? लगोलग एम. जी. रोडवरून एचडीएमआय केबल आणली आणि जोडली. टीव्हीवर माझा डेस्कटॉप झळकला. पहिल्या दिवशी वाटलं, जग जिंकलं!

तिसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायला लागले.

अक्षरं कडेनं पुसट दिसत होती, जणू कुणी ओल्या बोटानं फिरवलंय. टास्कबार अर्धा पडद्याबाहेर. माउस हलवला की बाण किंचित मागून यायचा, ऑफिसला उशिरा पोहोचणाऱ्या माणसासारखा. आणि शीटमधले लाल आकडे तर चक्क फुटलेले. टीव्ही बिघडला म्हणावं, तर रात्री त्याच टीव्हीवर सिनेमा एकदम झकास दिसायचा.

एक बघायचा, एक वाचायचा

आता मुद्द्याचं सांगते. टीव्ही आणि मॉनिटर दिसायला सख्खी भावंडं. आतलं पॅनलही पुष्कळदा एकाच जातीचं. पण दोघांची नोकरी वेगळी. टीव्ही बनतो आठ-दहा फुटांवर सोफ्यात बसलेल्या घरासाठी. मॉनिटर बनतो दोन फुटांवर खुर्चीत बसलेल्या एका माणसासाठी. टीव्हीवर हलती चित्रं बघायची असतात, मॉनिटरवर स्थिर अक्षरं वाचायची असतात. बाकी सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

तशी लॅपटॉपच्या खानदानाची आणि टीव्हीची ओळख जुनी आहे. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर सरळ टीव्हीलाच जोडायचे. भारतातही १९८८ मध्ये डेसिबेल्स कंपनीनं त्याची परवान्यानं बनवलेली आवृत्ती बाजारात आणली. पुढे नव्वदच्या दशकात आपण सगळ्यांनी (किंवा आपल्या मोठ्या भावांनी) टीव्हीला व्हिडिओ गेम लावून कॅसेटवर फुंकर मारमारून मारिओला उड्या मारायला लावल्याच की! पण त्या काळात पडद्यावर मोजकी आणि बोटाएवढी अक्षरं यायची. आज आपण एकाच पडद्यावर चाळीस रकान्यांचं शीट, तीन चॅट आणि एक व्हिडिओ कॉल मांडतो. टीव्हीवर ते झेपेलच असं नाही.

थोडं गणित. पळू नका!

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. एका इंचात जितके ठिपके जास्त, तितकी अक्षरं रेखीव. आमचा बत्तीस इंची टीव्ही एचडी रेडी. म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. एका इंचात जेमतेम ४९. तेच २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर १९२० बाय १०८० ठिपके, इंचाला ९२. आणि माझ्या चौदा इंची लॅपटॉपवर इंचाला १५७! आता कळलं ना, लॅपटॉपवरून टीव्हीकडे बघितलं की चष्मा विसरल्यासारखं का वाटत होतं ते?

त्यात आणखी एक गंमत. माझा लॅपटॉप १९२० बाय १०८० चं चित्र पाठवत होता आणि टीव्ही ते आपल्या १३६६ बाय ७६८ ठिपक्यांत कोंबत होता. पॅसेंजरचे प्रवासी शेअर रिक्षात बसवल्यावर जे होईल तेच अक्षरांचं झालं.

म्हणून टीव्ही 'मोठा' आहे यावर जाऊ नका. इंच वाढले पण ठिपके तेवढेच राहिले, तर पडद्यावर जागा वाढत नाही, फक्त ठिपके जाड होतात. बत्तीस इंची फुल एचडी टीव्हीवर तेवढेच रकाने दिसतात जेवढे चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरवर. दहा फुटांवरून काही फरक पडत नाही. दोन फुटांवरून जाम पडतो.

लाल अक्षरांचं गूढ

आणि ते फुटलेले लाल आकडे? आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका नाही. सिनेमा आणि मालिका पाठवताना या सवयीचा फायदा घेतात. उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची माहिती चार ठिपक्यांच्या चौकोनामागे एकच. तांत्रिक भाषेत याला ४:२:० म्हणतात. नटीच्या साडीचा रंग यात जराही बिघडलेला दिसत नाही. पण काळ्या पार्श्वभूमीवर लाल रंगाचं बारीक अक्षर आलं की शेजारचे ठिपकेही लाल होतात आणि अक्षर फुटतं. मॉनिटर प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा रंग देतो, म्हणजे ४:४:४. अनेक टीव्हीही हे करू शकतात, पण त्यांना तसं सांगावं लागतं.

माउस मागून येण्याचं कारणही टीव्हीचा चांगुलपणाच. आलेलं प्रत्येक चित्र तो आधी सजवतो. धार वाढवतो, हालचाल गुळगुळीत करतो, रंग खुलवतो आणि मग दाखवतो. या मेकअपला काही टीव्ही सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ घेतात. क्रिकेट बघताना कुणाला कळणार? पण हात हलला आणि बाण हलला नाही, तर मेंदूला लगेच कळतं.

कडेचा टास्कबार कापला जातो त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीआड लपवायचे. डबे भंगारात गेले, सवय मात्र काही टीव्हींमध्ये राहिली.

आधी फुकटातले उपाय

हे सगळं कळल्यावर मी रिमोट घेऊन बसले. तुमच्याकडे टीव्ही जोडलेला असेल तर हे आजच करून बघा, एक रुपयाही लागत नाही.

● लॅपटॉप ज्या एचडीएमआय पोर्टला जोडलाय, त्याचं नाव टीव्हीच्या मेन्यूत बदलून 'पीसी' ठेवा. काही टीव्हींमध्ये नुसत्या नावानं सगळा मेकअप उतरतो.

● 'पीसी' सापडत नसेल तर 'गेम मोड' लावा. माउस ताळ्यावर येतो.

● पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' असं काही दिसलं तर ते निवडा. कापलेला टास्कबार परत मिळतो.

● शार्पनेस उतरवा, मोशनचे सगळे लाड बंद करा आणि बॅकलाइट कमी करा. दुकानात उठून दिसावा म्हणून ठेवलेला झगमगाट दोन फुटांवर डोळ्यांना टॉर्चसारखा लागतो.

● लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा, 'एक्स्टेण्ड' निवडा. म्हणजे दोन्ही पडदे वेगवेगळे वापरता येतात. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन टीव्हीच्या मूळ आकड्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या.

एवढं केल्यावर आमचा टीव्ही निम्म्यानं सुधारला. लाल आकडे नीट दिसायला लागले, बाण वेळेवर यायला लागला. इंचाला ४९ ठिपके मात्र ४९च राहिले. त्याला इलाज नाही. तरी मी म्हटलं, चालतंय की! दहा हजार वाचले.

गॅलरीतला सामना

मग एक शनिवार आला. सुट्टीच होती, पण सोमवारी डेडलाइन. दुपारपासून मी टीव्हीसमोर. पाणी प्यायला उठले तर गॅलरीत बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. हातात मोबाइल, हात पूर्ण लांब केलेला, डोळे बारीक करून स्क्रीनकडे बघतायत. भारताची मॅच चालू होती. आवाज बंद.

"बाबा, आवाज का बंद?"

"तुझं काम चाललंय ना."

बाबांनी सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केल्या. तो बत्तीस इंची टीव्ही त्यांच्या शेवटच्या दिवाळी बोनसमधून आलेला. रिटायर झालो की निवांत मॅच बघू, असं म्हणायचे. आणि रिटायर झाल्यावर ते गॅलरीत बसून तळहाताएवढ्या पडद्यावर, चाळिशीचा चष्मा वरखाली करत, आवाज बंद ठेवून मॅच बघत होते. माझे डोळे दुखतात म्हणून मी चार महिने सेटिंगशी झटापट केली. त्यांच्या डोळ्यांचं मला काही सुचलंच नाही.

टीव्ही आणि मॉनिटरमधला खरा फरक मला तिथे कळला, आणि तो कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो. टीव्ही घराचा असतो, मॉनिटर आपला असतो. एकट्यानं राहणाऱ्याला हा फरक पडत नाही. पण ज्या घरात हॉल एक आणि टीव्ही एक, तिथे टीव्हीला लॅपटॉप जोडणं म्हणजे हॉललाच ऑफिस करणं. मी वाचवलेले दहा हजार आई आणि बाबा रोज संध्याकाळी हप्त्यानं भरत होते.

सोमवारी रिपोर्ट पाठवला आणि मंगळवारी मॉनिटर बघायला निघाले.

मॉनिटरची पत्रिका जुळवताना

दुकानात जायच्या आधी घरची जागा मोजा. माझं टेबल बेडरूमच्या कोपऱ्यातलं, जेमतेम दोन फूट रुंद. चोवीस इंची मॉनिटरची रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर, म्हणजे बसतो. सत्तावीस इंचीची ६० सेंटिमीटर, म्हणजे अगदी काठोकाठ. बत्तीस इंचीला ७१ लागतात, विषय संपला. ('इंच' मोजतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरका. हे विसरून टेबलातून बाहेर लोंबणारा मॉनिटर आणणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत.)

मग ठिपके. चोवीस इंचाला फुल एचडी पुरे. सत्तावीस इंच घेणार असाल तर क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४० बघा, इंचाला १०९ ठिपके मिळतात. सत्तावीस इंचात फुल एचडी घेतलात तर पैसे काचेचे मोजलेत, अक्षरांचे नाही. पॅनल आयपीएस असेल तर बाजूनंही रंग बरोबर दिसतात. पडदा मॅट असला तर मागच्या खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. बऱ्याच टीव्हींची काच मात्र चकचकीत, दुपारी तिच्यात स्वतःचाच चेहरा दिसतो.

स्टॅण्ड वरखाली होतो का, हे आवर्जून विचारा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉनिटरचा फक्त मागेपुढे कलतो. तसा असेल तर खाली दोन जाड पुस्तकं ठेवा, एमपीएससीची गाइड्स अखेर कामाला येतील. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं. वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्याच. नाहीतर मॉनिटर समोर आणि हात बाजूच्या लॅपटॉपवर, असा भरतनाट्यमचा पोझ दिवसभर धरावा लागेल.

आता जोडणी. लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट असेल तर प्रश्न मिटला. फक्त टाइप-सी असेल तर आधी खात्री करा, कारण प्रत्येक टाइप-सीमधून चित्र जात नाही. काहींमधून नुसतं चार्जिंग आणि डेटा. पोर्टशेजारी डीपी किंवा थंडरबोल्टची खूण दिसते का बघा, नाहीतर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती तपासा. थोडे जास्त पैसे घालून टाइप-सीवाला मॉनिटर घेतलात, तर एकाच केबलमधून चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो. आणि मॅकबुक एअरवाल्यांनो, एम-वन आणि एम-टू वर अ‍ॅपल अधिकृतपणे एकच बाहेरचा पडदा चालवू देतं. हौसेनं दोन मॉनिटर उचलायच्या आधी आपलं मॉडेल बघा.

टीव्हीच घ्यायचाय? मग असा घ्या

टीव्ही कायमच वाईट असं अजिबात नाही. वेगळी खोली असेल, टेबल खोल असेल आणि भरपूर रकाने एकदम बघायचे असतील, तर ४३ इंची फोर-के टीव्ही भारी पडतो. ३८४० बाय २१६० ठिपके, इंचाला १०२, म्हणजे चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरपेक्षाही दाट. चार फुल एचडी पडदे एकमेकांना चिकटवल्यासारखी जागा. फक्त तीन फूट तरी लांब बसा, नाहीतर टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान फिरेल.

इथे केबलची भानगड सांभाळा. लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलतं आणि माउस अडखळतो. ६० साठी एचडीएमआय २.० लागतो. स्वस्तातले टाइप-सी अ‍ॅडॉप्टरही पुष्कळदा ३०वरच अडकतात, तेव्हा पाकिटावर '४के ६० हर्ट्‌झ' लिहिलंय का ते वाचून घ्या.

ओएलईडी टीव्ही कामासाठी वापरायचा मोह झाला तर जरा दमानं. दिवसभर एकाच जागी उभा असलेला टास्कबार त्यावर कायमची सावली सोडू शकतो. आणखी एक बारीक त्रास म्हणजे लॅपटॉप झोपला की मॉनिटर आपोआप झोपतो आणि उठला की उठतो. टीव्हीला सहसा प्रत्येक वेळी रिमोटनं उठवावं लागतं.

खिशाचं काय?

साधारण अंदाज द्यायचा तर चांगला २४ इंची फुल एचडी मॉनिटर ८ ते १२ हजारांत बसतो. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीही त्याच पट्ट्यात. म्हणजे 'मॉनिटर महाग' हा आमच्या टपरीवरचा सिद्धांत इथेच गडगडला. ४३ इंची फोर-के टीव्ही आणि २७ इंची फोर-के मॉनिटर, दोघंही २० हजारांच्या पुढे. एक गोष्ट मात्र बदललीय. पूर्वी ३२ इंचांवरच्या टीव्ही आणि मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. त्यामुळे टॅक्स वाचवायला बत्तीसवर थांबायचं कारण उरलं नाही.

विजेचंही बघा. चोवीस इंची मॉनिटर साधारण २० वॉट खातो, ४३ इंची टीव्ही ८०च्या आसपास. आठ तासांचा हिशेब केला तर एकाला युनिटचा सहावा हिस्सा आणि दुसऱ्याला सव्वाअर्धा युनिट लागतं. बिलात फार फरक पडणार नाही, पण लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरला तो नक्की कळतो. वॉरंटी विचारा. टीव्हीवर सहसा एक वर्ष असते, बऱ्याच नामवंत मॉनिटरवर तीन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑफिसला विचारा. काही कंपन्या घरच्या सेटअपचा खर्च देतात, पण न मागता कुणी देत नाही, बॉस!

चौकट : तुम्ही कोण?

*एक्सेल, कोडिंग, कंटेंट, अकाउण्ट्स :* डोळे झाकून मॉनिटर. म्हणजे डोळे शाबूत राहतील.

*होस्टेल किंवा रूमवर एकटे, दिवसा काम, रात्री सिनेमा :* २४ किंवा २७ इंची मॉनिटर आणि छोटे स्पीकर. सेट टॉप बॉक्सही एचडीएमआयनं मॉनिटरला जोडता येतो. २०२० पासून सॅमसंगनं आणलेले स्मार्ट मॉनिटरही बघा, त्यांच्यात ओटीटी आतच असतं.

*काम कमी, गेमिंग आणि ओटीटी जास्त, सोफ्यावरून :* टीव्ही. गेम मोड आणि एचडीएमआय २.० किंवा त्यावरचं बघून घ्या.

*वेगळी खोली, भलंमोठं टेबल, शेअर बाजाराचे चार्ट :* ४३ इंची फोर-के टीव्ही चालेल. पाठीशी खिडकी नको.

*महिन्यातून एकदा प्रेझेंटेशनची रंगीत तालीम :* काहीच घेऊ नका. घरच्या टीव्हीला केबल लावा, किंवा टीव्हीत सोय असेल तर विंडोजची कळ आणि के दाबून बिनतारी जोडा.

*घरात एकच टीव्ही आणि माणसं तीन किंवा जास्त :* मॉनिटर. कारण वर सांगितलंय.

आणि मग…

दुकानात आपला लॅपटॉप घेऊन जा, ही माझी शेवटची टीप. मी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात गेले, आपलीच शीट उघडली आणि काळ्या रकान्यात लाल आकडे लिहून दोन फुटांवरून वाचून बघितले. दुकानात चालू असलेला मोरांचा आणि धबधब्यांचा व्हिडिओ कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतो. आपल्याला मोर बघायचे नाहीत, आकडे वाचायचे आहेत.

चोवीस इंची, आयपीएस, मॅट, फुल एचडी. दहा हजारांच्या आत काम झालं. बाबांनी टेबल पुसून दिलं, मॉनिटरखाली माझी जुनी गाइड्स लावली आणि लांबून बघून "थोडं डावीकडे घे" म्हणाले. आईनं कुंकवाचं बोट लावलं. आमच्याकडे मिक्सरपासून स्कूटीपर्यंत सगळ्यांना लागतं. मान आता बरी आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचा नियमही पाळते. खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बरोबर तेवढ्यावर आहे.

आता संध्याकाळी सात वाजता मी आत असते, दार लोटलेलं. बाहेर मालिका पूर्ण आवाजात. परवा कॉल चालू असताना धाकटी सून अशी काही किंचाळली की क्लायंटनं काळजीनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

म्हटलं, एकदम ठीक. फॅमिली मॅटर आहे.